रोजच्या शिवाराचे छायाचित्र : सगळे चौकटीत येते, मग नेमके काय निसटते?

कादवाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. दिंडोरी तालुक्यात आमचा मळा आहे आणि मळ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतची शिवारवाट ही माझी रोजची येण्याजाण्याची वाट. पाटाची चारी, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, मध्येच एखादा कांद्याचा किंवा टोमॅटोचा प्लॉट, बांधावरच्या बाभळी, शेततळ्याचा काळा कागद, डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर), कांदा साठवायची चाळ आणि उत्तरेला सातमाळेची रांग, एवढाच काय तो ऐवज. हा भाग मी बरीच वर्षे फोनने आणि एका जुन्या डीएसएलआरने टिपत आलो आहे. छायाचित्रे स्वच्छ येतात, रंग ठीक येतात, तरीही त्यांतल्या बहुतेकांकडे दुसऱ्यांदा पाहावे असे इतरांना तर सोडाच, मलाही वाटत नाही.

हरिहरच्या पायऱ्या, पावसाळ्यातला ब्रह्मगिरी किंवा भावली धरणाकडचे धबधबे यांच्यासाठी हा धागा नाही. तिथे विषयच इतका बलवान असतो की छायाचित्रकाराने फक्त आडवे न येण्याची काळजी घ्यायची असते. माझे विचारणे आहे ते सपाट, कामाच्या, कोणी मुद्दाम पाहायला येत नाही अशा जमिनीबद्दल. अशा जागी रचना कशाच्या आधाराने उभी करायची? आणि त्या छायाचित्राला अर्थ यावा यासाठी खाली चार ओळी लिहाव्याच लागतात का?

माझे मत आधीच सांगून ठेवतो, म्हणजे खोडायला सोपे जाईल. ज्याला शिवार वाचता येते त्याच्या छायाचित्रात ते वाचन उतरले पाहिजे. वाटसरूने गाडीच्या काचेतून काढलेले आणि शेतकऱ्याने बांधावर उभे राहून काढलेले छायाचित्र सारखेच दिसत असेल, तर काहीतरी चुकते आहे. ते काय, हे मला सापडलेले नाही.

सह्यकडा

सोपा उपाय आहे. बांध सोडा आणि शनिवारी पहाटे आमच्याबरोबर हरिहरला चला.

कादवाकाठ

शनिवारी पहाटे बागेवर फवारणी आहे. म्हणूनच हा धागा काढला.

तिरपे_ऊन

कादवाकाठ, प्रश्न रचनेचा वाटत असला तरी आधी घड्याळ आणि दिनदर्शिका पाहावी, असे मी सुचवेन. नाशिक जवळजवळ नेमके २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २० मेच्या आसपास आणि पुन्हा २३ जुलैच्या आसपास मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच जिरते. (जुलैत ढगांमुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही, हे वेगळे.) सावली गेली की सरी आणि वरंबा, नांगरटीतली ढेकळे, बांधाचा उंचवटा हे सगळे छायाचित्रात एका पातळीवर येते. डोळ्यांना ती खोली दिसत असते, कारण आपण चालतो, मान हलवतो आणि दोन डोळ्यांनी पाहतो. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो आणि त्याला उंचसखलपणा फक्त सावलीतून कळतो.

याउलट डिसेंबरच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४६.५ अंशच वर चढतो, म्हणजे भर बारा वाजताही बाभळीची सावली जवळजवळ बाभळीइतकीच लांब असते. सकाळ-संध्याकाळच काढायचे हा जो नियम पुस्तकांत सापडतो, तो आपल्याकडे हिवाळ्यात बराच सैल करता येतो.

दुसरी गोष्ट दिशेची. आपल्याकडे जूनअखेरीचा सूर्योदय पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला आणि डिसेंबरअखेरीचा तेवढाच दक्षिणेला होतो. सातमाळेची रांग ढोबळमानाने पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. साहजिकच सप्टेंबरअखेरपासून मार्चअखेरपर्यंत अहिवंत, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप यांचे तुमच्या बाजूचे, म्हणजे दक्षिणेकडचे कडे उजळलेले असतात आणि कळवणकडचे उभे कडे दिवसभर सावलीत राहतात. तुमची वाट तीच असली, तरी तिच्या मागचा पडदा वर्षातून दोनदा बदलतो. तुमची न आवडलेली छायाचित्रे कोणत्या महिन्यातली आहेत, ते एकदा तपासून पाहावे.

मांडवाखाली

वरचा प्रतिसाद उपयोगाचा आहे, पण ऊन तर वाटसरूच्या छायाचित्रातही पडते. धागाकर्त्याचा प्रश्न वाचनाचा आहे, म्हणून माझ्या निफाड तालुक्यातली उदाहरणे देतो.

बाहेरून येणाऱ्याला द्राक्षबाग म्हणजे हिरवा मांडव. त्याला ती जानेवारीतही हिरवी दिसते आणि ऑगस्टमध्येही. प्रत्यक्षात एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर काही दिवस तीच बाग निव्वळ सांगाडा असते: लोखंडी अँगल, ताणलेल्या तारा, तारांना बांधलेल्या उघड्या काड्या आणि खाली पानांचा खच. एरवी पानांआड लपलेली बागेची सगळी भूमिती तेव्हा उघडी पडते. रेषा शोधणाऱ्याने त्या आठवड्यात यावे. तेव्हा कोणी येत नाही, कारण तेव्हा बाग ‘सुंदर’ नसते.

दुसरे उदाहरण थंडीचे. निफाडचा पारा खाली गेला की भल्या पहाटे बागांमधून शेकोट्या पेटवतात आणि धूर धरतात. जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची थोडी उबदार असल्यामुळे तो धूर वर चढत नाही. मांडवाच्या उंचीवर आडवा पसरतो. अशा वेळी एकामागची एक बाग वेगवेगळ्या करड्या छटेत सुटी होते आणि सपाट जमिनीला आपोआप चार-पाच पदर मिळतात. सहलीला आलेला माणूस ते धुके समजून टिपतो. शेतकऱ्याला तो धूर आहे हे ठाऊक असल्यामुळे तो चौकटीच्या कोपऱ्यात जाळ आणि जाळाशेजारचा माणूस ठेवतो. त्या एका कोपऱ्याने चित्राचा विषय बदलतो.

आणखी एक. घडांमध्ये पाणी उतरू लागले की मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. मांडवाखाली उकिडवे बसून पाहिले, तर हिरव्या अंधारात कागदाचे शेकडो पांढरे शंकू लटकताना दिसतात. जवळ गेले की कुठे सोन्याचा भाव, कुठे निधनवार्ता, कुठे अर्धे शब्दकोडे. दवाने ओला झालेला कागद घडाला चिकटलेला असतो आणि छापील ओळींखालून मण्यांची गोलाई उठून येते. हे चित्र रस्त्यावरून कधीच दिसणार नाही, कारण त्यासाठी बागेत कोणाची तरी परवानगी आणि स्वतःचे गुडघे, दोन्ही लागतात.

रेषा_आणि_पोत

मांडवाखाली यांचे वर्णन उत्तम आहे, पण त्यातून काढलेल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. पाहणाऱ्याला गोडी छाटणी ठाऊक नसते, मण्यांचा गुलाबी रंगही ठाऊक नसतो. पुण्यात किंवा पॅरिसमध्ये बसलेल्या माणसाला जे दिसते ते एवढेच: काळोखात पांढरे आकार, त्यांची लय आणि मागे सरत जाणाऱ्या ओळी. चित्र उभे राहते ते त्यावर. ज्ञानाने तुम्हाला तिथे योग्य वेळी नेले, इथवर त्याचे श्रेय; पुढचे काम आकारांचे.

आता रचनेबद्दल. आपल्या जिल्ह्याची जमीन लाव्ह्याच्या थरांची आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेले ते थर कमीअधिक झिजून आपले सपाट माथ्याचे डोंगर, आडवे कडे आणि त्यांच्यामधले उतार तयार झाले. परिणामी इथल्या कोणत्याही देखाव्यात आडव्या रेषांची गर्दी असते: माथा आडवा, कडा आडवा, बांध आडवा, पाट आडवा. त्यांना छेद देणारी उभी गोष्ट नसेल तर नजर डावीकडून शिरते आणि उजवीकडून निघून जाते. ती उभी गोष्ट म्हणजे ताड, बाभूळ, चालणारा माणूस किंवा धागाकर्त्याने काहीशा नाराजीने उल्लेखलेला डीपी.

तृतीयांशाच्या नियमाने, म्हणजे चौकटीचे तीन समान भाग कल्पून त्यांच्या रेघांवर विषय बसवण्याने, फारसे काही साधत नाही. १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने ग्रामीण देखाव्यांवरच्या पुस्तकात तो मांडला, तेव्हा त्याच्यासमोर रंगचित्रातल्या उजेडाचे आणि अंधाराचे प्रमाण होते. आज फोनच्या पडद्यावर चार रेघा उमटतात आणि आपण क्षितिज वरच्या नाहीतर खालच्या रेघेवर बसवून मोकळे होतो. त्यापेक्षा स्वतःला विचारावे की या क्षणी जमीन अधिक बोलते आहे की आकाश. नुकत्याच पाणी दिलेल्या वाफ्यांची नक्षी असेल तर आकाश चौकटीतून जवळजवळ काढूनच टाकावे. जूनमधले ढग असतील तर जमिनीला तळाशी एक पट्टी पुरते.

आणि लेन्स. फोनची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या तोडीची, म्हणजे रुंद असते. तिच्यातून पायापुढचे ढेकूळ मोठे आणि धोडप नखाएवढा दिसतो. तुमच्या डोळ्याला जो धोडप शिवारावर टेकलेला वाटतो, तो तसा हवा असेल तर १०० ते २०० मिलिमीटरची लेन्स लावून बरेच मागे जावे लागेल.

पाटकरी

आमच्या वडिलांना मी माझे सर्वांत आवडते छायाचित्र दाखवले होते: संध्याकाळचे ऊन, टोमॅटोचे तारकाठी केलेले प्लॉट, लांब सावल्या. त्यांनी ते बराच वेळ निरखून पाहिले, त्यामुळे मला फार बरे वाटले. मग ते म्हणाले, “तिसऱ्या ओळीत ठिबकची नळी फुटलेली दिसतेय, जाऊन बघ.” नळी खरोखरच फुटलेली होती.

मांडवाखाली

पाटकरी, तुमच्या वडिलांनी माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली. चित्राचे वाचन यालाच म्हणतात.

रेषा_आणि_पोत

ते चित्राचे वाचन नसून शेताची पाहणी आहे. तरी त्यांना नमस्कार सांगावा.

डांगउतार

मी पेठ तालुक्यातला आहे. आमच्याकडे जमीन सपाट नाही, पाट नाहीत आणि द्राक्षबागाही नाहीत. पावसाळ्यात मात्र गाड्या भरभरून छायाचित्रकार येतात आणि आवणीला (भातलावणीला) वाकलेल्या बायकांची छायाचित्रे न विचारता काढून निघून जातात. त्यामुळे ‘पाहणाऱ्याला ठाऊक नसले तरी चालते’ हे रेषा_आणि_पोत यांचे म्हणणे मला थोडे बोचले. पाहणाऱ्याला ठाऊक नसेल, पण काढणाऱ्याला ठाऊक असायला हवे, आणि ज्याचे काढले त्यालाही.

एक उदाहरण देतो. उन्हाळ्यात उतारावरच्या एखाद्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा आणि फांद्या पसरून राब भाजतात. त्याने तणांचे बी जळते, राख मिळते आणि पाऊस पडल्यावर त्याच जागी भाताचे किंवा नागलीचे रोप टाकतात. मे महिन्यात पिवळ्या करड्या उतारावर एकच काळाभोर चौकोन दिसतो आणि जूनअखेरीस बरोबर त्याच जागी पोपटी चौकोन. कोणी एकाच जागेवरून दोन्ही वेळा काढले, तर शेजारी ठेवलेल्या त्या दोन चित्रांना समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. पण पाहुणे बहुतेक जुलैत येतात, आणि मे महिन्यात कोणी आलाच तर काळ्या चौकोनाकडे वणव्याची जागा म्हणून पाहतो.

दुसरे, न दिसणाऱ्या गोष्टीचे. दिवाळीनंतर आमच्याकडची कितीतरी घरे बंद होतात, कारण माणसे द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरलेली असतात. सारवलेल्या अंगणात पालापाचोळा साचतो, दाराच्या कडीला तार पिळलेली असते. धागाकर्त्याच्या बागेतली थिनिंगची (घडांतले जादा मणी काढण्याची) कात्री आणि आमच्याकडच्या दाराची ती तार ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत. सपाट शिवाराला अर्थ कुठून आणायचा असे विचारत असाल, तर तिथे काम करायला कोण कुठून येते, इथून सुरुवात करता येईल.

कादवाकाठ

डांगउतार, आमच्याकडच्या टोळीतली बरीचशी माणसे पेठ-सुरगाण्याकडचीच असतात. तुमच्या प्रतिसादाने मला एक धडधडीत विषय दाखवला, जो रोज माझ्यासमोर असतो.

सह्यकडा

गंभीर चर्चेत व्यत्यय आणतो, पण मला तारांचे कोणी सांगेल का? सातमाळेचे कोणतेही छायाचित्र विजेच्या तारांवाचून मिळत नाही. मी त्या संगणकावर पुसून टाकतो. इथे हे पाप समजले जाते का?

मांडवाखाली

पाप नाही, पण तार पुसली की त्या जमिनीला पाणी कुठून येते तेही पुसले जाते. डीपी जळाला की आठवडाभर काय होते, हे जिराईत आणि बागाईत यांतला फरक जाणणाऱ्या कोणालाही विचारावे.

तिरपे_ऊन

मी थोडा मधला मार्ग धरतो. कित्येकदा तार खटकते ती तार असल्यामुळे नव्हे, तर ती डोंगराच्या कडेला अगदी चाटून गेल्यामुळे. दोन पावले डावीकडे सरकावे, किंवा चारीच्या भरावावर चढावे. तार आकाशात मोकळी होते, आणि तिचा झोल डोंगराच्या सपाट माथ्याच्या विरोधात चांगला दिसतो. पुसण्याआधी पाय हलवून पाहावेत.

रेषा_आणि_पोत

याच्याशी पूर्ण सहमत. मात्र मांडवाखाली यांच्या तर्काने पाहिले तर चौकटीत बोअर, वीजबिल आणि सोसायटीचे कर्जही दिसायला हवे.

मांडवाखाली

दिसते की. नीट पाहावे लागते.

कुंचला_आणि_पाणी

मी छायाचित्रकार नाही, हौशी जलरंगचित्रकार आहे, पण हा प्रश्न आम्हालाही रोज पडतो. गंगाघाट, जुने वाडे हे विषय नाशिकच्या चित्रकारांना परंपरेने मिळालेले आहेत. शिवाजी तुपे यांच्या जलरंगातल्या निसर्गचित्रांपुढे उभे राहिले की लक्षात येते, की त्यांनी तपशील सगळा दिलेला नाही. चित्रकाराला एक सोय असते: जे नको ते तो काढतच नाही. छायाचित्रकाराच्या चौकटीत सगळे आपोआप येते आणि त्याला ते घालवावे लागते. धागाकर्त्याच्या पहिल्या परिच्छेदातली यादी पुन्हा वाचा. पाट, बाग, प्लॉट, बाभळी, शेततळे, डीपी, चाळ, डोंगर. मला शंका आहे की ही संपूर्ण यादी एकाच चौकटीत येत असावी.

एक जुनी युक्ती आहे. डोळे अर्धवट मिटून पाहावे, म्हणजे पाने, दगड, काड्या नाहीशा होतात आणि गडद, मध्यम, फिके असे तीन-चार मोठे ठिपके उरतात. ते ठिपके नीट बसत असतील तरच पुढे जावे. फोनवर हेच करायचे असेल तर पडदा कृष्णधवल करून घ्यावा. हिरव्याचा मोह सुटतो. हिरवा रंग फार फसवा असतो, कारण बाग, गिन्नी गवत, बाभूळ आणि चारीकाठचे तण डोळ्याला वेगवेगळे हिरवे वाटतात, पण उजळपणा सारखा असल्यामुळे छायाचित्रात त्यांचा एकच लगदा होतो.

पाणपाखरू

नांदूर मध्यमेश्वरला या सर्वांनी. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा हा जलाशय २०२० मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेला, महाराष्ट्रातले ते पहिलेच ठिकाण. सकाळच्या प्रकाशात रोहित पक्षी असले तर रचनेचा प्रश्नच उरत नाही.

रेषा_आणि_पोत

मनोऱ्यावर खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसांच्या मोठमोठ्या लेन्स एकाच पक्ष्याकडे रोखलेल्या असतात. पाणी ओसरल्यावर गाळपेरात उगवलेला हरभरा आणि त्यातून जाणारी गुरांची वाट मात्र कोणी टिपलेली मी पाहिली नाही.

पाणपाखरू

हरभऱ्याला पंख फुटले की आम्ही तोही टिपू.

संपादक

पक्ष्यांसाठी वेगळा धागा आहे, कृपया तिकडे जावे. गाळपेर चालेल.

वायनरीमागे

डांगउतार यांनी सांगितलेल्या काळ्या आणि पोपटी चौकोनांवरून आठवले. त्र्यंबकला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रणाचा व्यवसाय करीत होते. १९१२ साली त्यांनी कुंडीत लावलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्याने टिपली, कॅमेरा एका जागी ठेवून आणि थोड्याथोड्या अंतराने एकेक चौकट घेत. कुंडीतल्या रोपापेक्षा सामान्य विषय कोणता असणार? त्यात पाहण्यासारखे काही येते ते जागा न बदलल्यामुळे आणि वेळ बदलल्यामुळे.

धागाकर्त्याकडे सर्वांत मोठे भांडवल हेच आहे की ते रोज तिथून जातात. चारीवरच्या मोरीच्या कठड्यावर एक जागा ठरवावी, तीच लेन्स, तीच उंची, आणि शेतात काम बदलले की एक छायाचित्र घ्यावे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वगैरे घेऊ नये, कारण शेत इंग्रजी तारखांवर चालत नाही. नांगरट, लागवड, पहिले पाणी, काढणी, मोकळे रान, असे टप्पे धरावेत.

कादवाकाठ

सर्वांचे वाचून काल चाळीत एक प्रयत्न केला. छायाचित्र सोबत जोडले आहे. ज्यांच्याकडे उघडत नसेल त्यांच्यासाठी वर्णन करतो.

उन्हाळ कांदा चाळीत भरून झाला आहे. दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडच्या बाजूच्या पट्ट्यांच्या फटींतून ऊन आत येते. मी चाळीच्या मधल्या बोळात, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर कॅमेरा धरला. डाव्या अर्ध्या भागात कांद्यांचा ढीग आहे, त्यावर उन्हाच्या अरुंद तिरप्या पट्ट्या पडल्या आहेत. ज्या कांद्यावर पट्टी पडते त्याची वरची साल तांब्यासारखी उजळते आणि लगेच शेजारचा काळोखात जातो. हवेत सुटलेली पापुद्र्यांची धूळ त्या पट्ट्यांमध्ये तरंगते. उजवीकडे बोळाच्या टोकाला उघडे दार आहे आणि त्या उजळ चौकोनात, फार लहान आकाराचा, मार्कंड्या. माणूस नाही. एक रिकामे क्रेट आहे, ते मुद्दाम ठेवले नव्हते, पण काढलेही नाही.

उघड्या दारातला उजेड जळू नये म्हणून एक्स्पोजर कमी केले आणि सावलीचा भाग काळा राहू दिला. फोनने एचडीआर (उजेड आणि सावली दोन्हींतला तपशील एकत्र दाखवण्याची सोय) लावून सगळे उजळून दाखवले होते, ते मला नको वाटले.

तिरपे_ऊन

काळा राहू दिलात ते उत्तम केले. फोनचा एचडीआर प्रत्येक कोपऱ्याला सारखे महत्त्व देतो आणि महत्त्व कशाला द्यायचे हा तर रचनेचाच प्रश्न आहे. डिसेंबरमध्ये चाळ रिकामी असेल, पण ऊन अधिक आत येईल. तेव्हाही एकदा काढून ठेवा.

रेषा_आणि_पोत

तिरप्या पट्ट्या डावीकडून नजरेला दारापर्यंत नेतात आणि दाराचा चौकोन तिला थांबवतो. क्रेट मात्र माझ्या मते चौकटीच्या कडेला फार चिकटले आहे. एकतर पूर्ण आत घ्यावे किंवा बाहेर. डोंगर इतका लहान आहे म्हणून चांगला आहे. तोच मोठा असता तर चित्र पर्यटनाच्या पत्रकावर गेले असते.

मांडवाखाली

मला क्रेट आहे तिथेच हवे. चाळ भरून झाली आणि एक क्रेट उरले, एवढी गोष्ट ते सांगते. भावाची वाट पाहत साठवलेला माल आणि बाहेरचा मोकळा उजेड हे दोन्ही शेजारी आले आहेत. हे चित्र गाडीच्या काचेतून काढता येणार नाही, म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच दिलेत.

पाटकरी

वडिलांना दाखवले. ते म्हणाले, खालच्या थराला हवा कमी लागतेय, कांदा सडेल.

कादवाकाठ

पाटकरी, तपासतो. धन्यवाद, आणि हे मी गंभीरपणे लिहितो आहे.

दुसरा प्रश्न अजून शिल्लक आहे. खाली लिहायचे काय?

डांगउतार

गावाचे नाव, महिना आणि चालू असलेले काम, एवढे लिहा. माणूस असेल तर त्याला विचारून त्याचे नाव, आणि छापील प्रत त्याच्या हातात. ‘बळीराजाचे कष्ट’, ‘मातीचा गंध’ असले काहीही नको.

रेषा_आणि_पोत

मी तर काहीच लिहू नये या मताचा होतो, पण डांगउतार यांच्या तीन गोष्टी मान्य आहेत. त्या चित्राचा अर्थ सांगत नाहीत, फक्त पत्ता देतात. राबाच्या दोन चित्रांखाली ‘मे’ आणि ‘जून’ एवढे दोनच शब्द असले तरी पुरे.

कुंचला_आणि_पाणी

एक भर घालतो. महिना लिहिण्याची सवय लागली की कोणत्या महिन्याची चित्रे आपल्याकडे नाहीतच, ते कळते. बहुतेकांकडे एप्रिल आणि मे नसतात.

गिरणाखोरे

उशिरा आलो. मी कळवणकडचा, म्हणजे तिरपे_ऊन यांच्या भाषेत सावलीतल्या बाजूचा. त्यांचे गणित बरोबर आहे. हिवाळाभर आमच्याकडून रवळ्या-जवळ्या आणि धोडपचे कडे निळेकाळे दिसतात आणि मी त्यांची फक्त कडा धरून काढतो. आमच्या बाजूला ऊन नीट येते ते मे महिन्यात, आणि तेव्हा हवेत इतकी धूळ असते की पलीकडचा डोंगर पुसट होतो. यावर काही उपाय आहे का?

तिरपे_ऊन

गिरणाखोरे, तुमच्यासाठी थोडेच दिवस असतात, पण असतात. वळवाची एखादी जोरदार सर येऊन गेली की हवेतली धूळ बसते, आणि २० मे ते २३ जुलै या काळात मध्यान्हीचा सूर्यसुद्धा किंचित उत्तरेलाच असतो. म्हणून सर आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचनंतर तुमच्याकडचे कडे तिरप्या उन्हात उजळतील. मॉन्सूनचे ढग पक्के बसले की हे संपले. ध्रुवीकरण करणारा (धुरकटपणा आणि चमक कमी करणारा) फिल्टर असेल तर तो सूर्याशी काटकोनातल्या दिशेला सर्वाधिक परिणाम करतो. सकाळी सूर्य ईशान्येकडून येत असल्यामुळे तुम्ही दक्षिणेकडे पाहत असताना तो काटकोन पूर्ण जुळणार नाही, तेव्हा त्याच्यावर फार विसंबू नये.

गिरणाखोरे

समजले. शेजारच्या मळ्यात याच सुमारास कांद्याचे रान मोकळे होऊन नांगरट चालू असते, त्यामुळे पुढचा भागही रिकामा राहणार नाही. ट्रॅक्टरवाल्याला आधी विचारून ठेवतो.